जाहिरातीतला फोटो, गाणं, फॉन्ट: परवानगी कशी घ्यावी आणि कशी जपावी

मार्केटिंगमध्ये हक्कांवरून उद्भवणारी भांडणं बहुतेक वेळा चोरीतून येत नाहीत. वेबसाइटसाठी रीतसर विकत घेतलेला फोटो वर्षभराने खोक्यावर छापला जातो. रीलमध्ये बिनबोभाट चाललेलं गाणं, त्याच रीलला पैसे लावून जाहिरात केली की बंद पडतं. डिझायनर नोकरी सोडतो, फॉन्टचा परवाना त्याच्या वैयक्तिक खात्याबरोबर निघून जातो आणि त्या फॉन्टमधला लोगो कंपनीच्या पाटीवर तसाच राहतो. या तिन्ही ठिकाणी परवानगी होती. पण ती वेगळ्या वापराची होती, किंवा तिचा कागद वेळेला हाताशी नव्हता.

त्यामुळे ‘हा फोटो कोणाचा?’ एवढं विचारून भागत नाही. या फाइलचा कोणता वापर, कुठे आणि कधीपर्यंत करायची परवानगी आपल्याकडे आहे, आणि त्याचा पुरावा कुठे ठेवला आहे? कोणत्याही फाइलबद्दल याचं उत्तर दोन मिनिटांत देता आलं पाहिजे. खाली दिलेली सगळी व्यवस्था त्यासाठी आहे.

आधी पाया पक्का करा

फोटो काढला, मजकूर लिहिला, चाल बांधून ध्वनिमुद्रित केली की त्या क्षणी कॉपीराइट लागू होतो. नोंदणी लागत नाही, फोटोखाली कॉपीराइटचं चिन्हही लागत नाही. १८८६ च्या बर्न करारात १९०८ साली झालेल्या दुरुस्तीतून हे तत्त्व आलं आणि आज जगातले बहुतेक देश त्याला बांधलेले आहेत. म्हणून ‘त्यावर कुणाचं नाव नव्हतं’, ‘गूगलवर मिळाला’, ‘सगळेच वापरतात’ ही उत्तरं कुठेही टिकत नाहीत. श्रेय दिल्याने परवानगी मिळत नाही, हेही टीममधल्या प्रत्येकाला एकदा स्पष्ट सांगून ठेवा. फोटोग्राफरचं नाव खाली टाकून बिनपरवाना वापर करणं म्हणजे हा फोटो कोणाचा आहे हे आपल्याला माहीत होतं, असं स्वतःच लिहून देणं.

जुन्या कलाकृती मोकळ्या होतात, पण कधी ते देशावर ठरतं. बर्न करारानुसार निर्मात्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं संरक्षण मिळतं. भारतात साधारणपणे ६० वर्षं, युरोपीय संघात ७० वर्षं. जाहिरात चार देशांत दिसणार असेल तर सर्वांत लांब मुदत धरून चाला. शिवाय जुन्या कलाकृतीवर नवा थर चढलेला असतो. दोनशे वर्षांपूर्वीची सुरावट कोणीही वाजवावी, पण एखाद्या वाद्यवृंदाने मागच्या वर्षी केलेलं तिचं ध्वनिमुद्रण त्यांचं असतं. आयफेल टॉवरच्या रचनेवरचे हक्क केव्हाच संपले. मात्र त्याची रात्रीची रोषणाई ही नंतरची, वेगळी कलाकृती मानली जाते आणि रोषणाईतल्या टॉवरचा फोटो व्यावसायिक कामाला वापरायचा असेल तर टॉवरच्या व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी लागते.

परवाना हातात आला की तो वाचताना सहा गोष्टींवर बोट ठेवा: परवाना कोणाच्या नावे आहे, कोणत्या कामासाठी आहे, कोणत्या माध्यमांत आणि कोणत्या देशांत, किती काळ, फाइलमध्ये बदल करता येतो का, आणि ती पुढे दुसऱ्याला देता येते का. शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त निसटतो. एजन्सीने स्वतःच्या खात्यातून फोटो घेतला आणि करार संपला, तर तो परवाना एजन्सीकडे राहिला की तुमच्याकडे आला, हे त्या परवान्याच्या मजकुरावरच ठरतं.

तीस सेकंदांचा एक व्हिडिओ उघडून पाहू

समजा पाठीवरच्या बॅगेची जाहिरात आहे. एक मुलगी बॅग अडकवून रंगीत भिंतीसमोरून चालत जाते, मध्ये डोंगराची दोन दृश्यं येतात, मागे संगीत, वर निवेदन, शेवटी घोषवाक्य आणि लोगो. ‘आमचाच व्हिडिओ आहे, आम्हीच बनवून घेतला,’ असं कंपनी म्हणते. आता थर मोजा.

पटकथा आणि घोषवाक्य ज्याने लिहिलं त्याचा एक हक्क. चित्रीकरण करणाऱ्याचा दुसरा. डोंगराची दृश्यं स्टॉक फुटेजमधली, म्हणजे तयार विकत मिळणाऱ्या चित्रणातली आहेत, त्यांचा परवाना तिसरा. मुलीचा चेहरा चौथा. तो कॉपीराइटमध्ये येत नाही, त्यासाठी तिची लेखी संमती लागते. भिंतीवरचं रंगकाम एखाद्या चित्रकाराचं आहे, तो पाचवा. भिंत रस्त्यावरून सगळ्यांना दिसते, पण म्हणून त्यावरचं चित्र जाहिरातीला मोकळं होत नाही. इमारती आणि शिल्पांना काही देश अशी सूट देतात. सपाट चित्रांना ती पुष्कळ ठिकाणी मिळत नाही. निवेदकाचा आवाज सहावा. संगीताचे दोन: रचना सातवी, ध्वनिमुद्रण आठवं. घोषवाक्याचा फॉन्ट नववा. आणि मुलीच्या बुटांवर दुसऱ्या कंपनीचं चिन्ह ठळक दिसत असेल तर दहावा प्रश्न ट्रेडमार्कचा.

या दहापैकी नऊ परवानग्या कायमच्या असतील आणि निवेदकाची एक वर्षाची असेल, तर अख्खा व्हिडिओ एक वर्षाचाच झाला. सर्वांत तोकड्या परवान्याची मुदत आणि त्याची बंधनं संपूर्ण कामाला लागतात. म्हणून चित्रीकरणाआधी ही यादी कागदावर करा आणि प्रत्येक ओळीसमोर परवानगी कुठून येणार ते लिहा. भिंत बदलणं चित्रीकरणाच्या सकाळी सोपं असतं. व्हिडिओ सगळीकडे पोचल्यावर तो मागे घेणं फार जड जातं.

संगीत: सर्वांत जास्त चुका इथे

गाण्यावर दोन स्वतंत्र हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकारांकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क रेकॉर्ड कंपनीकडे. चित्रासोबत गाणं जोडायचं तर रचनेसाठी सिंक परवाना आणि मूळ ध्वनिमुद्रणासाठी मास्टर परवाना, असे दोन्ही लागतात. गाणं नव्याने गाऊन घेतलं तर मास्टर परवान्याची गरज संपते, सिंकची नाही. ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ असा नियम कुठेही नाही. तो फक्त तोंडोतोंडी पसरलेला आहे.

समाजमाध्यमांवरच्या गाण्यांच्या संग्रहाबद्दलचा गैरसमज तर रोज महागात पडतो. ॲपमध्ये दिसणारी लोकप्रिय गाणी मुख्यतः वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी असतात. म्हणून व्यवसाय खात्याला पुष्कळदा ती दिसतच नाहीत आणि काहीजण वैयक्तिक खात्यातून रील बनवून ती कंपनीच्या पानावर टाकतात. ही पळवाट घेऊ नका. कंपनीचा माल विकणारी रील वैयक्तिक खात्यातून आली तरी ती व्यावसायिकच असते. व्यवसायांसाठी मेटाचं साउंड कलेक्शन आहे, टिकटॉकची कमर्शियल म्युझिक लायब्ररी आहे. मात्र त्यांची परवानगी त्या-त्या मंचापुरती धरा. तिथून रील उतरवून वेबसाइटवर किंवा प्रदर्शनातल्या पडद्यावर लावायची असेल तर आवाज बदलून दुसरी प्रत तयार करा. संपादन करतानाच संगीताचा ट्रॅक वेगळा ठेवलेली मूळ फाइल जपली असेल तर हे दहा मिनिटांचं काम असतं.

सबस्क्रिप्शनवर संगीत देणाऱ्या सेवांत साधारण रीत अशी की वर्गणी चालू असताना प्रसिद्ध केलेला व्हिडिओ नंतरही सुरक्षित राहतो, पण वर्गणी संपल्यावर तोच ट्रॅक नव्या व्हिडिओत वापरता येत नाही. मग प्रसिद्धीची तारीख हाच तुमचा पुरावा ठरतो, तेव्हा ती नोंदवा. यूट्यूबवर रीतसर परवाना असूनही कंटेंट आयडीचा दावा येऊ शकतो, कारण ती यंत्रणा आवाज ओळखते, तुमची पावती तिला दिसत नाही. यासाठी चॅनल त्या सेवेकडे आधीच नोंदवून ठेवा आणि परवान्याचं प्रमाणपत्र व्हिडिओच्या फोल्डरमध्ये ठेवा. दावा आला तर वाद दाखल करताना ते जोडता येतं.

स्टॉक फोटो आणि ‘मोफत’ फोटो

‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की प्रत्येक वापराला वेगळे द्यावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. याउलट ‘राइट्स-मॅनेज्ड’ प्रकारात माध्यम, आकार, देश आणि मुदत यांवर किंमत ठरते आणि त्यातलं काहीही बदललं की परवाना नव्याने घ्यावा लागतो.

रॉयल्टी-फ्रीलाही कुंपण असतं. शटरस्टॉक किंवा आयस्टॉकच्या साध्या परवान्यात छापील प्रतींची मर्यादा ५ लाख अशी राहिलेली आहे. पॅकेजिंगचा खप मोठा असेल तर ती ओलांडली जाते. टी-शर्ट, मग, पोस्टर अशा ज्या वस्तू त्या चित्रामुळेच विकल्या जातात, त्यांना विस्तारित परवाना लागतो. स्टॉक चित्र लोगोत वापरू नका: तेच चित्र दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो, त्यामुळे त्यावर तुमचा एकट्याचा ट्रेडमार्क उभा राहत नाही आणि परवानेही बहुधा हे थेट मना करतात. ‘फक्त संपादकीय वापर’ असा शिक्का असलेला फोटो बातमीला चालतो, जाहिरातीला नाही. त्यात दिसणाऱ्या माणसांची किंवा ब्रँडची संमती घेतलेली नसते म्हणून तो शिक्का असतो. आणि स्टॉकमधल्या मॉडेलचा चेहरा आजार, व्यसन, कर्जबाजारीपणा अशा विषयांशी जोडायचा असेल तर संवेदनशील वापराचं कलम आधी वाचा. त्या माणसाने हसून फोटो काढून दिलेला असतो. त्याच्या चेहऱ्यावर आपण काय चिकटवतो याची जबाबदारी आपली आहे.

मोफत संग्रहांचे नियम बदलत असतात. अनस्प्लॅशने जून २०१७ मध्ये सीसी-शून्य (निर्मात्याने आपले सगळे हक्क सोडून दिल्याची खूण) सोडून स्वतःचा परवाना आणला, पिक्साबेने २०१९ च्या सुरुवातीला तेच केलं. फोटो ज्या दिवशी उतरवला त्या दिवशी कोणत्या अटी होत्या, हे दोन वर्षांनी विचारलं जातं. म्हणून डाउनलोड करतानाच फोटोचं पान आणि परवान्याचं पान, दोन्ही तारखेसह पीडीएफ करून ठेवा. या संग्रहांत माणसांची संमती घेतलेली असेलच याची हमी नसते आणि फोटो टाकणारा त्याचा खरा मालक असेलच असंही नाही. चेहरा ओळखू येणारा मोफत फोटो मोहिमेच्या मुख्य चित्राला वापरायचं टाळा. तिथे पैसे देऊन, मॉडेल रिलीज (फोटोतल्या माणसाची लेखी संमती) असलेला फोटो घ्या.

क्रिएटिव्ह कॉमन्समधून काय निवडावं

क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर आपलं काम सर्वांना खुलं करण्यासाठीचे तयार परवाने. असे सहा परवाने आहेत आणि ते चार घटकांतून बनतात: श्रेय द्या, तोच परवाना पुढे ठेवा, व्यावसायिक वापर नको, बदल नको. मार्केटिंगसाठी चाळण सोपी आहे. ‘व्यावसायिक वापर नको’ असलेले सगळे बाद. ‘बदल नको’ असलेल्या फोटोवर किंमत टाकून बॅनर करता येत नाही, तसं संगीत व्हिडिओला जोडता येत नाही; तेही बाद. ‘तोच परवाना पुढे’ असेल तर त्या चित्रात फेरफार करून बनवलेलं तुमचं पोस्टर त्याच परवान्याखाली सर्वांना खुलं करावं लागतं, आणि हे बहुतेक कंपन्यांना परवडत नाही. उरतात दोन: फक्त श्रेय मागणारा सीसी-बाय, आणि या सहांच्या बाहेरचं सीसी-शून्य.

श्रेयाच्या ओळीत कलाकृतीचं नाव, निर्मात्याचं नाव, मूळ ठिकाण, परवान्याचं नाव आणि आवृत्ती, आणि तुम्ही केलेला बदल इतकं यावं: ‘“धुक्यातली वाट”, छायाचित्र: अमुक, मूळ पानाचा दुवा, सीसी-बाय ४.०, कडा कापल्या आहेत.’ नुसतं ‘सौजन्य: इंटरनेट’ हे श्रेय नव्हे. आवृत्तीही पाहा. ४.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. तिच्यात अटीचा भंग लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केला तर परवाना आपोआप पुन्हा लागू होतो. आधीच्या आवृत्त्यांत ही सवलत नाही. श्रेयात एक चूक झाली की परवाना तिथेच संपतो, आणि मग भरपाईची पत्रं येतात. जुन्या आवृत्तीचा फोटो असेल तर श्रेयाची ओळ दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

फॉन्ट

संगणकावर बसवायचा परवाना, वेबसाइटचा, मोबाइल ॲपचा, ई-पुस्तकाचा. एकाच फॉन्टचे हे वेगवेगळे परवाने असतात. वेबचा परवाना कधी महिन्याच्या पानदर्शनांवर मोजला जातो, तेव्हा मोहीम जोरात चालली की मर्यादा ओलांडली जाते. फुकट फॉन्टच्या साइटवर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ ही ओळ झिपमधल्या मजकूर-फाइलमध्ये दडलेली असते. ती न उघडता फॉन्ट बसवला जातो आणि त्यात जाहिरात छापली जाते. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स असलेले फॉन्ट व्यावसायिक कामाला निर्धास्त वापरता येतात. मुख्य अट अशी की नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही. छपाईला काम देताना फॉन्टची फाइल पाठवण्याऐवजी अक्षरांचे आउटलाइन करून, म्हणजे अक्षरं आकृत्यांत बदलून पाठवा. फॉन्टचा परवाना कंपनीच्या सामाईक ईमेलवर घ्या, डिझायनरच्या नावावर नको.

माणसांची संमती

मॉडेल रिलीजवर इतकं हवं: पूर्ण नाव, चित्रीकरणाची तारीख व ठिकाण, कोणत्या कामासाठी, कोणती माध्यमं, किती मुदत, मोबदला, फोटोत किती फेरफार चालेल, चेहरा किंवा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करायला परवानगी आहे की नाही, आणि सही. लहान मुलांसाठी पालकांची सही. सही झालेल्या कागदासोबत त्या दिवशीचा त्या माणसाचा एक फोटो जोडा. वीस जणांच्या चित्रीकरणानंतर कोणता कागद कोणाचा हे सहा महिन्यांनी ओळखता येत नाही. स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे फोटो वापरतानाही लेखी संमती घ्या आणि नोकरी सोडल्यावर फोटो राहणार की जाणार, हे तेव्हाच लिहा.

फ्रीलान्सर आणि एजन्सी: पैसे दिले, हक्क आले का?

पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम बहुतेक देशांत कंपनीचं होतं. बाहेरच्या माणसाचं तसं होत नाही. बिल चुकतं केलं तरी लेखी हस्तांतरण नसेल तर कॉपीराइट बहुधा त्याच्याकडेच राहतो, आणि तुमच्याकडे येतो तो अंदाजाने ठरणारा वापराचा हक्क. कोरी जागा कायदा स्वतः भरतो आणि ती तुमच्या सोयीने भरलेली नसते. भारताच्या कायद्याचं उदाहरण घ्या: हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दोन शब्द राहून गेले म्हणून सहाव्या वर्षी लोगोच्या चित्राचा हक्क परत जाऊ शकतो.

कलम असं असू द्या:

‘पूर्ण मोबदला मिळाल्यावर, या कामात तयार झालेल्या सर्व अंतिम फाइली आणि त्यांच्या संपादन करता येणाऱ्या मूळ फाइली यांवरचा कॉपीराइट, सर्व देशांसाठी, सर्व माध्यमांसाठी आणि कायद्याने हक्क टिकेल तितक्या संपूर्ण मुदतीसाठी कंपनीच्या नावे हस्तांतरित होतो. इतरांकडून घेतलेले फोटो, फॉन्ट, संगीत व आयकॉन यांची यादी त्यांच्या परवान्यांसह सोबत जोडली आहे.’

दुसरं वाक्य पहिल्याइतकंच मोलाचं आहे. फ्रीलान्सर स्वतःचं काम तुम्हाला देऊ शकतो, दुसऱ्याचा फॉन्ट देऊ शकत नाही. ही यादी हाती आल्याशिवाय अंतिम हप्ता सोडू नका. आणि प्रत्येक वेळी सगळे हक्क मागायची गरजही नसते. तीन महिन्यांच्या मोहिमेसाठी काढलेल्या फोटोंचा दोन वर्षांचा परवाना पुरतो, स्वस्त पडतो आणि फोटोग्राफरवर अन्यायही होत नाही. लोगो, शुभंकर, पॅकेजिंग यांचे मात्र पूर्ण हक्क घ्या. कंत्राटी करार वापरण्याआधी तुमच्या देशातल्या वकिलाकडून एकदा तपासून घ्या.

ग्राहकांचे फोटो आणि इन्फ्लुएन्सर

ग्राहकाने तुम्हाला टॅग केलं म्हणजे फोटो दिला असं नाही. मंचाच्या अटींनी तो वापरायचा हक्क मंचाला मिळतो, तुम्हाला नाही. मंचावरच्या ‘शेअर’ बटनाने मूळ पोस्ट पुढे पाठवणं वेगळं, आणि फोटो उतरवून आपल्या पानावर चढवणं वेगळं. दुसऱ्यासाठी विचारावंच लागतं. ‘हा हॅशटॅग वापरलात तर संमती समजू’ ही पद्धत कच्ची आहे. थेट संदेश पाठवा:

‘नमस्कार, तुम्ही ३ मे रोजी टाकलेला बॅगेचा फोटो आम्हाला फार आवडला. तो तुम्ही स्वतः काढला आहे का? आमच्या वेबसाइटवर, इन्स्टाग्राम व फेसबुक पानांवर आणि तिथल्या सशुल्क जाहिरातींत तो १२ महिने वापरायची परवानगी हवी आहे. कडा कापू आणि वर मजकूर टाकू. चेहऱ्यात काहीही बदलणार नाही. तुमचं नाव कसं द्यावं तेही सांगा. मान्य असेल तर “होय, फोटो मी काढला आहे आणि या वापराला माझी संमती आहे” असं उत्तर पाठवा.’

‘स्वतः काढला का?’ हा प्रश्न गाळू नका. फोटोत दिसणारी व्यक्ती आणि फोटो काढणारी व्यक्ती वेगळी असू शकते, आणि कॉपीराइट काढणाऱ्याचा असतो. उत्तर आलं की खात्याचं नाव आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. खातं उद्या बंद होऊ शकतं.

इन्फ्लुएन्सरच्या करारात त्यांच्या खात्यावरची पोस्ट, तुमच्या पानावर पुन्हा वापर, आणि त्यांच्या नावाने चालवलेली सशुल्क जाहिरात ही तीन वेगळी कामं आहेत. प्रत्येकाची मुदत आणि मोबदला वेगळा लिहा. नेहमीची चूक अशी की करार तीन महिन्यांचा असतो आणि जाहिरात चांगली चालते म्हणून कोणी ती बंद करत नाही. मंचावरच्या जाहिरात चालवायच्या साधनात (ॲड्स मॅनेजर) मोहिमेची शेवटची तारीख कराराच्या तारखेला सुरुवातीलाच बांधून टाका.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रं

आधी साधनाच्या अटी पाहा: मोफत योजनेत व्यावसायिक वापर बंद असू शकतो. त्यानंतर मालकीचा प्रश्न. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मार्च २०२३ च्या मार्गदर्शनात सांगितलं की मानवी निर्मिती नसलेल्या भागावर कॉपीराइट मिळत नाही. म्हणजे नुसत्या सूचनेतून निघालेलं चित्र स्पर्धकाने उचललं तर त्याला थांबवायला तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. ब्लॉगच्या वरच्या चित्राला हे चालेल. लोगो आणि शुभंकर यांना नको. सूचनेत हयात कलाकाराचं, ब्रँडचं किंवा प्रसिद्ध व्यक्तीचं नाव टाकू नका. सूचना, तारीख, साधन आणि त्यानंतर माणसाने केलेले बदल नोंदवून ठेवा.

नोंदवही

महागडी प्रणाली लागत नाही. एक सामाईक स्प्रेडशीट पुरते, पण ती एका माणसाच्या ताब्यात असावी. एक नोंद अशी:

क्रमांक: फो-०४१२
काय: डोंगरवाटेवरची मुलगी, आडवा फोटो
कुठून: स्टॉक संग्रह, कंपनीच्या सामाईक खात्यातून, २ एप्रिल २०२५
परवाना: साधा, पीडीएफ व पावती याच क्रमांकाच्या फोल्डरमध्ये
चालतं: वेब, ईमेल, समाजमाध्यमं, ५ लाखांपर्यंत छपाई
चालत नाही: विक्रीच्या वस्तू, लोगो, विक्रेत्यांना मूळ फाइल देणं
मॉडेल रिलीज: संग्रहाकडे आहे
मुदत: कायम
कुठे वापरला: मुख्यपान, मे महिन्याचं वार्तापत्र, माहितीपत्रक पान ३

‘कुठे वापरला’ हा रकाना भरायचा कंटाळा सगळे करतात आणि नेमका तोच संकटात लागतो. मुदत संपली किंवा नोटीस आली की फोटो कुठून काढायचा हे त्यावरून कळतं. काढताना वेबसाइट, जाहिरात खातं, ईमेलचे साचे, विक्रेत्यांना दिलेल्या पीडीएफ आणि व्हिडिओंची लघुचित्रं ही पाच ठिकाणं आठवणीने पाहा. लेखातून फोटो काढला तरी सर्व्हरवर मूळ फाइल राहते आणि तिचा थेट पत्ता चालू असतो, तीही पुसा.

नोंदीचा क्रमांक फाइलच्या नावातच घाला: ‘फो-०४१२_वेब_कायम’, किंवा मुदतीची असेल तर ‘व्हि-००७३_समाजमाध्यम_२०२६-०९-३०’. आयपीटीसी मेटाडेटामध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवल्या जाणाऱ्या माहितीत निर्माता, श्रेयाची ओळ आणि वापराच्या अटी भरा, पण त्यावर विसंबू नका; अनेक मंचांवर फाइल चढवताना ही माहिती पुसली जाते. मुदतीच्या ६० दिवस आधी एक आठवण लावा, म्हणजे नूतनीकरणाची बोलणी घाईत होत नाहीत, आणि १५ दिवस आधी दुसरी, म्हणजे काढायचं असेल तर वेळ मिळतो. करार करतानाच ‘मुदतीनंतर जुन्या पोस्ट जागेवर राहतील, पण त्यांना नव्याने प्रसिद्धी देणार नाही’ असं लिहून घेतलं तर निम्मं काम वाचतं. बरेच निर्माते याला तयार होतात.

वितरक आणि भागीदार यांना फोटो पाठवताना वेगळा फोल्डर ठेवा आणि त्यात ज्यांचा परवाना पुढे देता येतो तेवढ्याच फाइली टाका. आपल्याला मिळालं नाही ते आपण दुसऱ्याला देऊ शकत नाही, आणि त्यांच्या हातून चूक झाली की पत्र दोघांनाही येतं.

नोटीस आली तर

पहिल्यांदा ती खरी आहे का ते पाहा. कॉपीराइटच्या नावाने येणाऱ्या खोट्या ईमेलमधल्या दुव्यातून खातं बळकावलं जातं किंवा व्हायरस उतरतो. दुवा उघडू नका, जोडलेली फाइल उघडू नका. मंचावर स्वतः लॉगिन करून तिथे दावा दिसतो का ते बघा. पाठवणारा हक्काचा मालक आहे की त्याचा प्रतिनिधी, याचा पुरावा मागा.

खरी असेल तर आधी पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, मग वापर थांबवा, मग नोंदवही उघडा. परवाना सापडला तर तो आणि पावती जोडून छोटं, सभ्य उत्तर पाठवा. मंचाने अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए (डिजिटल माध्यमांतल्या कॉपीराइटच्या) कायद्याखाली मजकूर काढला असेल आणि तुमचा परवाना पक्का असेल, तर प्रतिनोटीस देता येते. दावेदाराने कोर्टात धाव घेतली नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो. प्रतिनोटीस शपथेवर असते, त्यामुळे ‘असावा बहुतेक’ एवढ्यावर ती देऊ नका.

परवाना नसेल तर फोटो काढून टाकल्याने झालेला वापर पुसला जात नाही. घाईत कबुलीजबाबही लिहू नका आणि गप्पही बसू नका. किती दिवस, किती ठिकाणी वापर झाला ते मोजा, त्या फोटोचा नेहमीचा परवाना किती रकमेला मिळतो ते शोधा आणि त्या आधारावर बोलणी करा. रक्कम मोठी असेल तर वकील घ्या. तडजोड झाली तर मागच्या वापराबद्दल पुढे कोणताही दावा नाही, असं लेखी घ्या. पुढेही फोटो हवा असेल तर त्याचा परवाना त्याच कागदात मागा. नंतर नोंदवहीत ही नोंद करा आणि तो फोटो ज्या ठिकाणाहून आला होता, तिथून त्या काळात आलेल्या बाकीच्या सगळ्या फाइली त्याच आठवड्यात एकेक करून तपासा.